तांबटाचा हात आणि विलायती रंग

गेल्या पावसाळ्यांत खडकींतील आमच्या बिऱ्हाडीं आमच्या भाचीनें पर्वतीचें एक चित्र केलें. चित्र म्हणावें तर त्यांत नुसते रंग नव्हते. टेकडीला तिनें काव लावली होती, झाडीसाठीं जुन्या लुगड्याच्या हिरव्या चिंध्या डकविल्या होत्या, आणि देवळाचा कळस म्हणून तांब्याचा पातळ पत्रा कात्रीनें कापून, उलट्या बाजूनें बोथट खिळ्यानें ठोकून फुगविला होता. आठवडाभर मेजावर डिंक, रंगाच्या वड्या, तारा आणि कागद यांचा बाजार मांडलेला होता. कोणता डिंक पत्रा धरतो, कोणत्या कागदावर रंग फुटतो, याचे प्रयोग चालले होते. शेवटीं तें काम शाळेच्या प्रदर्शनांत गेलें आणि तसेंच परत आलें. चित्रकलेच्या परीक्षकांनीं तें हस्तकामाच्या दालनाकडे पाठविलें. हस्तकामाच्या परीक्षकांनीं हें तर चित्र आहे म्हणून नाकारलें. मुलगी हिरमुसली आणि आम्हांस विचारती झाली, "मामा, मग हें आहे तरी काय?"

त्या वेळीं आम्हीं तिची कशीबशी समजूत घातली. पण प्रश्न मनांतून जाईना. पुढें विचार करतां असें दिसून आलें कीं, या प्रश्नाचें उत्तर आमच्या बिऱ्हाडापासून दीड कोसावर, मुळा-मुठेच्या संगमापाशीं, सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं पुण्याच्या एका तांबटानें देऊन ठेवलें आहे. त्याचें नांव गंगाराम चिंतामण नवगिरे. इंग्रजांच्या कागदांत तो गंगाराम तांबट या नांवानेंच ओळखला जातो. आमच्या सुशिक्षित घरांतून हें नांव जितकें ठाऊक असावयास पाहिजे तितकें नाहीं. म्हणून त्याची हकीकत येथें थोडी विस्तारानें सांगतों.

१७८६ सालीं चार्लस वॉर मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पेशव्यांच्या दरबारीं आला आणि त्यानें संगमावर आपला मुक्काम केला. त्याचें मुख्य काम राजकारणाचें. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम व पेशवे यांचा १७९० सालीं जो तह झाला, तो घडवून आणणारा इंग्रज मुत्सद्दी हाच. पण अठराव्या शतकांतील कित्येक इंग्रज अधिकाऱ्यांप्रमाणें मॅलेटलाही जें जें नवें दिसेल तें तें टिपून ठेवण्याचा मोठा नाद होता. लेणीं, देवळें, जनावरें, गोसावी, मल्ल, कशाचीही चौकशी त्याला वर्ज्य नव्हती. छायाचित्राची युक्ति निघण्यास अजून अर्धशतक अवकाश होता. तेव्हां पाहिलेली वस्तु कागदावर उतरवून देणारा माणूस पदरीं असणें त्याला अवश्य होतें. अशा कामीं त्याला जो माणूस लाभला, तो चिताऱ्यांच्या घराण्यांतील नव्हता. तो तांब्याचीं भांडीं घडविणाऱ्यांच्या जातींतील होता.

१७९० च्या नोव्हेंबर महिन्यांत गंगारामानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र काढलें. तें आज अमेरिकेंत न्यू हेवन येथें येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला-केंद्रांत आहे. तेथेंच त्याचें पर्वतीचें दृश्य आहे, कसरत करणाऱ्या मल्लांचीं चित्रें आहेत, आणि वेरूळच्या लेण्यांचीं अनेक रेखाटनें आहेत. गेंड्याच्या चित्राची तारीख ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानें पुण्यांतील लोकांना चित्रकला शिकविली, असें सांगण्यांत येतें व तें खरेंही आहे. परंतु वेल्स हा मुंबईस उतरला १७९१ सालीं आणि पुण्यास आला १७९२ सालीं. म्हणजे गंगारामाचा कुंचला वेल्स येण्यापूर्वींच चालूं लागला होता. गुरूनें शिष्याला पुष्कळ दिलें असेल, पण शिष्य रिकाम्या हातांनीं आलेला नव्हता.

हे हात काय शिकून आले होते, हें कळण्यासाठीं कसब्यांतील तांबट आळींत घटकाभर उभें राहावें. तेथील ठकठक आतां पूर्वीइतकी दाट नाहीं, पण ती अजून थांबलेली नाहीं. तांब्याचा पत्रा भट्टींत तापवून मऊ करतात. मग तो ऐरणीवर ठेवून हातोड्यानें ठोकीत ठोकीत त्याला पोट आणतात. ठोकतां ठोकतां तांबें कठीण होतें. म्हणून तें पुन्हा तापवावें लागतें. शेवटीं भांडें मठारतात, म्हणजे अंगभर एकसारखे ठोके देऊन तें घट्ट व चकचकीत करतात. एक ठोका जड पडला तर खड्डा पडतो, तिरपा पडला तर पत्रा चिरतो. या कामांत डोळ्याला एक विशेष शिक्षण मिळतें. सपाट पत्र्याकडे पाहून त्यांत दडलेली गोलाई ओळखावी लागते, आणि भांड्यावर प्रकाश पडला कीं कोठें उजेड व कोठें काळोखी येते तें क्षणोक्षणीं पाहावें लागतें. कारण चूक कोठें झाली हें त्या उजेडावरूनच समजतें. चित्रशाळेंत ज्याला छायाप्रकाशाचा अभ्यास म्हणतात, तो तांबटाचा रोजचा धंदा आहे. गेंड्याचें अंग म्हणजे जाड कातड्याच्या घड्या, जणूं ठोकून जोडलेले पत्रेच. तें जनावर रेखाटण्यास तांबटच भेटला, हा आम्हांस तरी निव्वळ योगायोग वाटत नाहीं.

पण गोलाई ओळखतां आली तरी साहित्य नवें होतें, आणि खरी कसोटी तेथें होती. आपल्याकडील चितारी घट्ट रंग वापरीत. हिंगूळ, हरताळ, नीळ, काव, काजळ आणि सफेता डिंकाच्या पाण्यांत घोटून ते थरावर थर चढवीत; चुकलें तर वर दुसरा थर देत. आपला हातकागदही त्या रीतीस साजेसा असे. त्याला खळ देऊन गुळगुळीत घोटलेला असल्यामुळें त्यावर बोरू सरसर चाले आणि घट्ट रंग चांगला बसे. विलायती पाण्याच्या रंगाची रीत याच्या अगदीं उलट. त्यांत रंग पातळ, आरपार दिसणारा. उजेड हवा तेथें सफेता लावावयाचा नाहीं, कागदच कोरा सोडावयाचा. म्हणजे चित्र काढण्यापूर्वींच कोठें काय काढावयाचें नाहीं हें ठरवावें लागतें. एकदां पाणी फिरलें कीं तें सहसा मागें घेतां येत नाहीं. असा पाणचट रंग खळीच्या कागदावर फिरविला तर खळ सुटते व रंग डागळतो. विलायती चित्रकागदाला जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचें पाणी दिलेलें असे. त्यामुळें रंग वरच्यावर राहून एकसारखा पसरे.

हीं साधनें विलायतेंतही त्या वेळीं नवीनच होतीं. पाण्याच्या रंगाच्या तयार वड्या करून विकणाऱ्या रीव्ह्‌ज बंधूंना लंडनच्या कलासंस्थेनें १७८१ सालीं बक्षीस दिलें होतें. त्याआधीं चित्रकाराला आपले रंग बहुधा आपणच घोटावे लागत. शिसपेन्सिलींतील ज्या काळ्या पदार्थाला आपण शिसें म्हणतों, तें खरोखर ग्रॅफाइट. त्या काळीं उत्तम ग्रॅफाइट इंग्लंडांतील बॉरोडेलच्या खाणींतून निघे. पेन्सिलीची रेघ रबरानें पुसतां येते, हाही शोध १७७० च्या सुमाराचाच. म्हणजे विलायतेंतील होतकरू चित्रकारास जें नवें होतें, तेंच जवळजवळ त्याच वेळीं पुण्याच्या तांबटापुढें येऊन पडलें. त्यानें पेन्सिलीनें आंखलें, रेघ पक्की केली, वर पाण्याचे रंग दिले, आणि जेथें जरूर तेथें आपले घट्ट रंगही सोडले नाहींत. आपलें टाकून परक्यांचें उचललें असें त्यानें केलें नाहीं, आणि परक्यांचें म्हणून तें दूरही सारलें नाहीं. दोन्ही साधनें एका कागदावर बसतात कीं नाहीं एवढेंच त्यानें पाहिलें. आमच्या भाचीनें डिंक आणि पत्रा यांचें जमतें कीं नाहीं हें पाहिलें, तें याहून निराळें नाहीं.

वेल्स पुण्यास आल्यावर या प्रयोगांना शाळेचें रूप आलें. त्यानें सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांच्या तसबिरी रंगविल्या. मॅलेटच्या खटपटीनें व पेशव्यांच्या अनुमतीनें शनिवारवाड्यांत चित्रकलेची शाळा चालूं झाली. पेशव्यांच्या राजवाड्यांत इंग्रजी पद्धतीची चित्रशाळा, आणि तिचा नांवाजलेला विद्यार्थी एक तांबट! मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेपूर्वीं साठ-पांसष्ट वर्षें पुण्यांत हें घडलें. याच काळांत वेरूळचें काम झालें. लेण्यांचे नकाशे, खांबांच्या ओळी, मूर्ति हें सारें मोजून कागदावर आणण्याचा उद्योग मॅलेटनें चालविला व त्यांत गंगारामाचा हात मोठा होता. मॅलेटचा वेरूळवरील लेख कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडांत १७९९ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १८०३ सालीं लंडनमध्यें थॉमस डॅनियलनें वेरूळचीं चोवीस दृश्यें काढलीं. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वेल्सचें नांव आहे, डॅनियलचें आहे, गंगारामाचें नाहीं.

येथें एक गोष्ट मनाला चटका लावून जाते. तीं दृश्यें छापलीं गेलीं तांब्याच्या पत्र्यांवरून. पत्र्यावर राळेची भुकटी पसरून ती तापवून चिकटवावयाची, मग तेजाबानें पत्रा कमीजास्त खाववून छायेचे थर आणावयाचे, अशी ती रीत. तांबें कसें तापतें, कसें मऊ होतें, कशानें खातें, हें ज्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, त्याचें रेखाटन सातासमुद्रांपलीकडे जाऊन तांब्यावर चढलें. आणि तो मात्र पुण्यांत राहिला.

तथापि ही विद्या पुण्यास अगदींच शिवली नाहीं असें नाहीं. मॅलेटच्या प्रोत्साहनानें पुण्यांतील एक तांबट छपाईसाठीं तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरण्यास शिकला. या रीतीनें भगवद्गीता छापवावी असें नाना फडणवीसांच्या मनांत होतें असें सांगतात. पण १८०० सालीं नाना वारले आणि पुण्याची घडी विसकटली. तेव्हां ही कला मिरजेस गेली, आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ सालीं तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापून निघाली. ताम्रपट कोरण्याची विद्या आपल्या देशांत दीड-दोन हजार वर्षांची. राजांचीं दानपत्रें तांब्यावर कोरणाऱ्यांच्या हातून अक्षर चुकत नसे. पण त्या कोरलेल्या अक्षरांत शाई भरून त्यावर कागद दाबावा, हें कोणाला सुचलें नव्हतें. अक्षर उलटें कोरावयाचें, म्हणजे कागदावर तें सुलटें उमटेल, एवढीच युक्ति बाहेरून आली. बाकी तांबें, हात आणि गीता हीं तिन्ही घरचींच होतीं. निरनिराळ्या साधनांच्या अशा मिलाफाचें याहून नामी उदाहरण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

पुढील हकीकत दुःखाची आहे. १७९५ च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव शनिवारवाड्यांत पडून वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस वेल्स साष्टींतील लेण्यांच्या कामावर असतां तापानें गेला. १७९७ सालीं मॅलेटनें पुणें सोडलें. तो चित्रांचे गठ्ठे घेऊन स्वदेशीं गेला आणि तेथें त्यानें वेल्सच्या कन्येशीं विवाह केला. राजा गेला, गुरु गेला, आश्रयदाता गेला, शाळा संपली.

आणि मग ५ नोव्हेंबर १८१७ हा दिवस उजाडला. ज्या गांवीं बसून आम्ही हें लिहीत आहों, त्याचें नांव इतिहासांत गेलें तें त्या दिवसानें. पेशव्यांची फौज चालून येत आहे असें पाहून रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरून निघाला, नदी उतरला आणि पलीकडच्या तीरानें खडकीस आपल्या पलटणींना येऊन मिळाला. त्याच्या पाठीमागें मराठ्यांनीं संगमावरील बंगले जाळले. त्यांत त्याची ग्रंथसंपत्ति व कागदपत्र भस्म झाले. इकडे गणेशखिंडीच्या माळावर लढाई झाली व तिचा निकाल सर्वांस ठाऊक आहे. गंगारामाचीं चित्रें त्या दिवशीं संगमावर असतीं तर त्यांचीही राखच झाली असती. पुढें १८२८ च्या फेब्रुवारींत शनिवारवाड्यास आग लागली आणि जेथें ती चित्रशाळा भरे, तो वाडाही जळाला. आज त्याचे तट व दरवाजे उभे आहेत.

येथें कोणी म्हणेल, तर मग बरेंच झालें. साहेबानें चित्रें नेलीं म्हणून तीं वांचलीं. आम्हांसही एक काळ असेंच वाटे. पण आग देशी-विलायती असा भेद करीत नाहीं. मेजर गिल यानें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या वर्षानुवर्षें खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृति लंडनजवळच्या काचमहालांत ठेवल्या होत्या. त्या १८६६ सालीं तेथें जळाल्या. त्यानंतर ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे आपले विद्यार्थी यांनीं तेंच काम पुन्हा केलें. त्यांतल्याही पुष्कळ प्रतिकृतींना १८८५ सालीं लंडनमध्येंच आगीनें गांठलें. तेव्हां चित्र कोणत्या देशांत आहे यावर त्याचें रक्षण अवलंबून नाहीं. गिलच्या प्रतिकृति गेल्या तरी दुसऱ्या काढतां आल्या, कारण काढणारे हात तयार करणारी एक शाळा मुंबईंत उभी होती. पुण्यास तसे हात तयार करणारें कोणी मागें उरलें नाहीं, ही खरी हानि. कागद जळतो तेव्हां एक चित्र जातें; शिकविणें थांबतें तेव्हां पुढचीं सगळीं चित्रें जातात.

या हानीचा दोष सगळा इंग्रजांच्या माथीं मारणें सोयीचें असलें तरी खरें नाहीं. मॅलेटनें गंगारामाला आपल्या कामापुरतें वापरलें व चित्रें आपल्या घरीं नेलीं, हें उघड आहे. पण त्या शाळेचा पुढें सांभाळ करणें हें काम पुण्याचें होतें. ज्या पुण्यानें विद्वानांना दक्षिणा वांटली, त्यानें तांबटाच्या हातांतील पेन्सिलीला विद्या मानलें नाहीं. आपल्या जुन्या चौसष्ट कलांच्या यादींत चित्र काढणें, माळा गुंफणें, सुतारकाम आणि धातूंची विद्या हीं एकाच पंक्तीस बसलेलीं आहेत. पण पंक्ति होती ती पोथींत. समाजांत प्रत्येकाचा पाट वेगळा आणि कांहींचा तर ओसरीच्या बाहेर. १८५७ सालीं मुंबईची कलाशाळा निघाली ती कारागिरी सुधारण्याच्याही हेतूनें. तरी १८९१ सालीं तिच्याच आवारांत कारागिरीच्या कार्यशाळा निराळ्या झाल्या, आणि आमच्या सुशिक्षित वर्गानें चित्रकाराला घरीं चहास बोलावलें, तांबटाला मात्र भांडें दुरुस्त करावयास. शाळेच्या प्रदर्शनांत चित्रकला एका दालनांत व हस्तकाम दुसऱ्या दालनांत मांडलेलें दिसतें, तेव्हां मधली भिंत कोणी बांधली हें विचारावयास आपणांस फार दूर जावें लागत नाहीं.

आमच्या खडकींत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथें काडतुसांसाठीं पितळेच्या नळ्या होतात, आणि पितळ म्हणजे बहुतांशीं तांबेंच. एकच धातु कसब्यांत घागर होते, लंडनमध्यें वेरूळ होते, मिरजेंत गीता होते आणि खडकींत काडतूस होते. धातूला यांतील कांहींच वर्ज्य नाहीं. काय करावयाचें तें माणूस ठरवितो.

हें सगळें आम्हीं भाचीला एका संध्याकाळीं संगमावर नेऊन सांगितलें. गंगारामानें काढलेल्या पर्वतीच्या दृश्याची छापील प्रत तिला दाखविली. तिनें बराच वेळ ती पाहिली आणि म्हणाली, "यांत कळसाला पत्रा नाहीं, पण चमक आहे. ती कशी आणली असेल?" परीक्षकांचें काय झालें, हें ती विसरून गेली होती. तिच्या मूळ प्रश्नाचें उत्तर म्हणून आम्हीं तिला एवढेंच सांगितलें कीं, ज्याला दोन दालनांत जागा मिळाली नाहीं तें काम वाईट असतेंच असें नाहीं; दालनेंच कधीं कधीं अपुरीं असतात. आणि दोन कामें सांगितलीं. पहिलें हें कीं, चित्राच्या कोपऱ्यांत स्वतःचें नांव स्वच्छ अक्षरांत लिही. कारण लिहिलें नाहीं म्हणजे मुखपृष्ठावर दुसऱ्याचें येतें. दुसरें हें कीं, पत्रा ठोकून फुगवावयाची जी युक्ति तुला साधली आहे, ती धाकट्या भावाला शिकव. पहिलें तिनें त्याच रात्रीं केलें. दुसऱ्याची ठकठक हा लेख लिहितांना शेजारच्या खोलींतून ऐकूं येत आहे.